थंड बॉनेटचा नियम

माझा मामा वजनमापं खात्यातून निवृत्त झाला, पण खात्याने त्याला अजून सोडलेलं नाही. तागडीच्या बुडाला चिकटवलेलं मेण शोधण्यात त्याची हयात गेली. आता दुकानदार सुटले आणि नातेवाईक सापडले. आमच्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली, की मामाशिवाय पान हलत नाही. खरं सांगायचं तर मामा ते हलूच देत नाही.

गाडी बघायला निघताना त्याच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक असतं, एक टॉर्च असते आणि गाडीखाली आडवं व्हायला जुना टॉवेल असतो. चुंबक दारांवरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली आहे. डिकीतली स्टेपनी उचलून खाली गंज बघायचा. काटा किलोमीटर कमी दाखवतो आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर काटा मागे फिरवलाय. हे सगळं खरंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की प्रत्येक दोष सापडल्यावर मामाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते चांगली गाडी सापडल्यावर कधी दिसलं नाही.

सगळ्यांत वरचा नियम मात्र थंड बॉनेटचा. "पोरी, गाडी नेहमी थंड असताना बघायची," तो मला सांगायचा. "पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, हिला सकाळी सुरू व्हायचा त्रास आहे आणि आपण यायच्या आत खटपट करून चालू करून ठेवलीय. मग वाद घालत बसायचं नाही. 'चहा छान झाला होता' म्हणायचं आणि चपला घालायच्या."

हा आमचा ठरलेला इशारा. चहा मिळालेला असो की नसो, मामा तेच म्हणायचा. एका गाड्यांच्या दलालाने तर आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मामा म्हणाला, "चहा छान झाला होता." तो बिचारा आपल्या माणसाकडे बघत राहिला, की ह्यांना चहा दिला कुणी.

या वेळी गाडी हवी होती माझ्या आईला. आई पडदे शिवते. एका नव्या लॉजच्या सगळ्या खोल्यांचं काम तिला मिळालं होतं. शिवायचं, पोचवायचं आणि टांगूनही द्यायचं. अट एकच होती, सकाळी कामगार यायच्या आत माल दारात पाहिजे. एक दिवस जरी चुकला तरी काम दुसरीकडे जाणार होतं. पडद्यांचे गठ्ठे बघून रिक्षावाले तोंड फिरवायचे. तेव्हा आईला गाडी हवी होती ती मिरवायला नाही, सकाळी मुकाट्याने सुरू व्हायला.

आईला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मामावर मात्र तिचा डोळे मिटून विश्वास. वडील गेले तेव्हा शिलाईचं मशीन त्यानेच खांद्यावरून आणून दिलं होतं. त्यामुळे मामा दारांवर चुंबक फिरवायचा, मी गाडी चालवून बघायची, आणि आई पर्स छातीशी धरून बाजूला उभी राहायची, डॉक्टर काय सांगतात ते ऐकायला उभी असल्यासारखी.

मामाने एकामागून एक गाड्या नापास केल्या. एकीच्या डिकीत पाणी होतं. एकीची कागदपत्रं तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघाली. एका शाळेतल्या बाईंची मटारच्या रंगाची गाडी होती, रंग सोडला तर नाव ठेवायला जागा नव्हती. मामा दोनदा खाली आडवा झाला आणि दोनदा हिरमुसून वर आला. शेवटी म्हणाला, "इतकी चांगली गाडी कोण कशाला विकेल? काहीतरी लपवलंय. बाई, चहा छान झाला होता." तिथे मात्र खरंच चहा मिळाला होता आणि छान होता.

मग एका संध्याकाळी मामाचा फोन आला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, माझीच गाडी घे ना. मी नवी घेतोय. बाहेरच्याला देण्यापेक्षा बहिणीच्या दारात उभी राहील." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती, वरून कव्हर घातलेलं, बांधलेलं. मामा जिन्यातच भेटला, आंघोळ करून, भांग पाडून. "काल दुपारपासून जागची हललेली नाही," न विचारताच म्हणाला. पिशवी आज त्याच्याकडे नव्हती. मीही हात पुढे केला नाही. सख्ख्या मामाच्या गाडीचं बॉनेट कसं तपासायचं? लाज वाटली.

आईने मात्र सवयीने कव्हरचं कापड बोटांत धरलं. कुठलंही कापड दिसलं की तिला शिवण बघितल्याशिवाय राहवत नाही. शिवणीवरून तिचा हात सरकत पुढे गेला आणि बॉनेटवर थांबला. तिथेच राहिला. मग तिने दुसराही तळहात ठेवला.

मी तिच्याकडे पाहिलं आणि काय ते समजले.

"ऊन लागलं असेल गं," मामा म्हणाला.

पार्किंगमध्ये दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते. आईने वर त्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. माझ्या तोंडात चांगल्या चार शिव्या तयार होत्या. लहानपणापासून ज्याच्या मागे टॉर्च धरून फिरले, त्या माणसाचा मला इतका राग पूर्वी कधीच आला नव्हता.

आईने कव्हरची चुणी हाताने नीट केली. "दादा," ती म्हणाली, "चहा छान झाला होता."

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून मामी ओरडली, "अहो, सगळे वर या की! चहा आत्ताच ठेवतेय!"

आम्ही वर गेलो नाही. कोपऱ्यावर थांबून आई म्हणाली, "शाळेतल्या त्या बाईंना फोन लाव. विकली नसेल तर आज आणू."

मी नंबर शोधत होते. तिने पदराने तळहात पुसले, काही लागलेलं नसताना.

"मला गिऱ्हाईक समजला गं तो," ती म्हणाली.