लालासाहेबाच्या गाडीचं नाक

पेट्रोलचे भाव ज्या वर्षी एकदम कडाडले, त्या वर्षी सांगलीतल्या बहुतेक टॅक्सीवाल्यांनी भाडं वाढवलं. आमच्या विश्रामबागेतल्या लालासाहेबानं गाडीचं बॉनेट उघडलं. एकदा उघडलेलं ते बॉनेट पुढं कित्येक महिने धड बंद झालं नाही. मी त्याचा शेजारी, बांधकाम खात्यात कारकून. रविवारी अंगणात पेपर वाचत पडावं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा. पण लालासाहेबाला प्रत्येक प्रयोगाला साक्षीदार लागायचा, आणि दरवेळी तो साक्षीदार मीच असायचो.

माणूस मूळचा शिराळ्याकडचा. फौजेत ड्रायव्हर होता. डोंगरातल्या रस्त्यांवर मोठाल्या गाड्या हाकून पेन्शनीत आला, घरचा ऊस भावांच्या हवाली केला आणि एक जुनी काळी अँबॅसिडर घेऊन सांगलीत टॅक्सी चालवू लागला. त्याला दोन गोष्टींचा मनस्वी राग यायचा. एक उशीर आणि दुसरं वाया जाणारं पेट्रोल.

एका सकाळी त्यानं मला कुंपणापलीकडून हाक मारली. “दादासो, ही गाडी घाटात धापा का टाकती, सांग बघू.”

“म्हातारी झालीय म्हणून,” मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो.

“न्हाई गड्या. तिचं नाक इंजनाच्या डोक्यावर हाय. तिथली तापल्याली हवा वडती ती. तुला भट्टीपाशी उभं करून पळ म्हटलं, तर पळशील का?”

मी भट्टीपासून लांब उभा असतानाही पळत नाही, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याचं म्हणणं असं होतं की इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते. ती गाळून आत सोडणारा काळा डबा इंजिनाच्या वरच बसवलेला असतो, म्हणून आत जाते ती गरम, पातळ हवा. तीच हवा गाडीच्या पुढून गार आणि दाट मिळाली, तर गाडी जास्त ओढेल आणि पेट्रोलही कमी खाईल.

मग त्यानं तो काळा डबा काढून माळ्यावर टाकला. त्याच्या जागी वनस्पती तुपाचा डबा आला. डब्यात तारेची जाळी, जाळीवर मलमलीचं दुहेरी कापड. डब्यापासून एक रबरी नळी निघून पुढच्या दिव्याशेजारी बाहेर आली आणि नळीच्या तोंडाला त्यानं रॉकेलचं नरसाळं बसवलं. त्या नरसाळ्याला तो नाक म्हणायचा. त्याची बायको चंद्राबाई मला म्हणाली, “घरातला डबा गेला, नरसाळं गेलं, माझं चांगलं धडुतं गेलं. आता मलाबी बसवा म्हणावं त्या बॉनेटात.”

पण खोटं कशाला बोलू? साताऱ्याच्या पुढं खंबाटकीचा घाट त्या गाडीनं न थांबता, न तापता चढला. एरवी आम्हाला अर्ध्यात उतरून दगडावर बसायला लागायचं. वर पोचल्यावर लालासाहेबानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण त्याला शाबासकी दिली तर पुढचा रविवारही गेला असता.

त्या दिवसापासून त्याला दुसरा विषय सुचेना. गिऱ्हाईक गाडीत बसलं, की आधी त्याला नाक दाखवायचं, मग कुठं जायचं ते विचारायचं.

आता कोंडीबाचं सांगतो. कोंडीबा हा विट्याच्या पुढच्या माळावरचा मेंढपाळ. दरवर्षी त्याची मेंढरं लालासाहेबाच्या शिराळ्याच्या रानात खतासाठी बसायची, त्यामुळं दोन्ही घरांचा जुना घरोबा. त्याचा थोरला पोरगा ज्योतिबा फौजेत जायचं म्हणत होता. मागच्या भरतीला त्याची छाती थोडक्यात कमी भरली होती. या खेपेला लालासाहेबानं स्वतः त्याला पळवून, दंड-बैठका काढायला लावून तयार केला, आणि पोरगा निवडला गेला. साताऱ्याला मैदानावर दुपारी बाराला हजर व्हायचं होतं. हजेरीला जो नाही, त्याचं नाव कटलं. आणि पुढच्या भरतीपर्यंत ज्योतिबाचं वय उलटून जाणार होतं. म्हणजे एवढी एकच दुपार त्याच्या हातात होती.

त्यांच्या वस्तीवरून फौजेत जाणारा तो पहिलाच. लालासाहेबानं सांगून टाकलं, “पलटणीत जाणारं पोरगं यष्टीच्या गर्दीत चेंगरून जायाचं न्हाई. माझ्या गाडीतनं जाईल.” साक्षीदार म्हणून मला रजा टाकायला लावली.

आम्ही सकाळी वस्तीवर पोचलो. सगळी वस्ती गाडीभोवती गोळा झाली. लालासाहेबानं खाली उतरल्या उतरल्या सवयीप्रमाणं नाकाचं व्याख्यान दिलं. “समद्या गाडीत खरी गोष्ट काय आसंल, तर हे नाक. ह्याच्या जिवावर घाट चढतो आपुन.” म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग ज्योतिबाच्या आईनं, धोंडुबाईनं, आम्हा दोघांना भाकरी खायला आत बोलावलं. गाडीचा सेल्फ कुरकुर करायचा, म्हणून लालासाहेबानं इंजिन चालूच ठेवलं होतं. बाहेर ढोल वाजला. ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं!’ असा गजर झाला. आम्ही बाहेर आलो, तेव्हा गाडी, पोरगा, आईबाप सगळे भंडाऱ्यानं पिवळेजर्द झाले होते. लालासाहेबानं कपाळावर भंडारा लावून घेतला आणि गाडी काढली.

पुढं तो, मी आणि मागं ते तिघं. कोंडीबाला धीर धरवत नव्हता, म्हणून तो बसल्या बसल्या चातीवर लोकर कातत होता. विटा गेलं, कडेगाव गेलं. सपाटीला गाडी जरा मलूल वाटत होती, पण मला वाटलं, माणसं जास्त आहेत. पुढं चढ लागला आणि गाडीचा दमच संपला. मागून काळा धूर यायला लागला. दुसऱ्या गिअरवर ओढेना, पहिल्यावर ओढेना. शेवटी दोन आचके देऊन ती रस्त्याच्या कडेला गप्प झाली.

सगळे खाली उतरले. साताऱ्याची एसटी मघाशीच आमच्या पुढून गेली होती आणि दुसरी दुपारशिवाय नव्हती. लालासाहेबानं बॉनेट उघडलं. प्लग काढून पुसले. पेट्रोलची नळी फुंकून बघितली. पॉइंट घासले. कार्ब्युरेटर ठोकून बघितला. गाडी चालू व्हायची, खोकायची, काळं ओकायची आणि बंद पडायची. माझं लक्ष घड्याळाकडं. ज्योतिबा रस्त्यावर पुढं बघत नुसता उभा होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

“लालासाहेब, ते तुझं नरसाळं बघ की एकदा,” मी म्हणालो.

“नाकाला काय झालंय? नाक मी बसवलंय!”

“म्हणूनच म्हणतो, बघ.”

“दादासो, तू फायली बघ. इंजनाचं मला कळतंय.”

मला इतका संताप आला, की पान्हा उचलून त्या नरसाळ्याचाच चेंदामेंदा करावा. पोराचं आयुष्य टांगणीला लागलेलं, आणि हा बाबा जिथं हात लावायचा तेवढी एकच जागा सोडून सगळी गाडी उसवत होता.

तेवढ्यात धोंडुबाई नवऱ्याला हळूच म्हणाली, “आवं, सांगा की त्यास्नी.”

कोंडीबाचा चेहरा भंडाऱ्याच्या आतून उतरलेला दिसला. चाती हातात तशीच धरून तो पुढं आला. “लालासाब, रागावू नगा. म्या त्या नाकात भंडारा वाहिलाय.”

“कुठं?”

“नाकात. तुमीच म्हणाला न्हवं, गाडीत खरं काय आसंल तर नाक. म्हून पैली मूठ तितंच वाहिली. मग समद्या वस्तीनं वाहिली. गाडी लगीच आत वडून घ्यायची. आमास्नी वाटलं, देवानं घेतला.”

लालासाहेब तडक बॉनेटात वाकला. मग त्यानं तुपाचा डबा उघडला. मलमलीवर हळदीचा हा एवढा जाड थर बसला होता. पुरणपोळीतल्या पुरणासारखा पिवळा आणि गच्च. सगळ्या वस्तीचा आशीर्वाद त्या कापडावर लिंपला गेला होता, आणि त्यातून हवा जायला तसूभर जागा नव्हती.

“म्हंजी नाकात खोट न्हाई!” लालासाहेब एकदम ओरडला. त्याचा चेहरा इतका फुलला, की मी हात जोडले. “बाबा रे, ते आपण उद्या साजरं करू. आधी निघ.”

त्यानं कापड झटकायला घेतलं आणि ते जुनं धडुतं मधोमध टर्रकन फाटलं. कराडपर्यंतचा रस्ता नुकताच उकरून मुरूम टाकलेला. कापडाशिवाय गेलं, तर सगळी धूळ इंजिनाच्या पोटात जाणार, आणि धूळ इंजिन आतून खाते, हे त्यानंच मला शंभरदा ऐकवलेलं. गाडी म्हणजे त्याची भाकरी होती. त्यानं फाटकं कापड बाजूला फेकलं.

“बसा समदे. इंजन गेलं तर गेलं. पोरगं हजर झालं पायजे.”

त्या क्षणी त्याच्यावरचा माझा सगळा राग उतरला.

“थांबा,” कोंडीबा म्हणाला. त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून पिंजलेल्या लोकरीचे पेळू काढले. “हे चालंल का? माझ्या हातनं घडलंय, माझ्याच हातनं निस्तरू द्या.”

लालासाहेबानं लोकर बोटांत धरून उजेडाला बघितली. मग पेळू सोडवून जाळीवर विरळ पसरले, धूळ चिकटून राहावी म्हणून इंजिनातल्या तेलाचे चार थेंब त्यावर शिंपडले, नरसाळं आणि नळी फुंकून साफ केली आणि डबा बंद केला. चावी फिरवली. गाडी दोनदा शिंकली, नरसाळ्यातून थोडी हळद उडाली आणि मग इंजिन असं लागलं, की मागं धोंडुबाईनं दोन्ही हात जोडले. मी देवभोळा नाही, पण मीही जोडले.

त्यानंतर लालासाहेबानं गाडी कशी हाकली, ते मला सांगता येणार नाही, कारण कराडपासून पुढं मी डोळे मिटले होते.

साताऱ्यात मैदानाशी पोचलो, तर हजेरी सुरू झालेली. पोरं रांगेत उभी होती आणि एक हवालदार नावं वाचत होता. गाडी थांबायच्या आत ज्योतिबानं दार उघडलं. त्याच वेळी मैदानातून आवाज आला, “ज्योतिबा कोंडीबा!”

“हाजिर!” ज्योतिबा पळता पळता ओरडला. केस पिवळे, सदरा पिवळा, पायांतल्या वहाणासुद्धा पिवळ्या.

हवालदारानं त्याला खालून वर बघितलं. “काय रं, हळदीतनं उठून आलास काय?”

सगळी रांग हसली. ज्योतिबाही हसला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. हवालदारानं कागदावर खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. संपलं. इतका वेळ छातीवर धोंडा घेऊन आलो होतो, तो उतरला. मी गाडीला टेकलो. कोंडीबा तर कुंपणापाशी खालीच बसला आणि पटक्याच्या शेवात तोंड लपवून पोटभर रडला. लालासाहेब त्याच्या शेजारी उकिडवा बसून होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा नाकाबद्दल एक शब्द बोलला नाही.

परतीच्या वाटेला सगळे सैलावले. उंब्रजला चहा झाला. लालासाहेबानं जाहीर केलं, की नाक राहणार, पण त्याला जाळी बसणार आणि इथून पुढं भंडारा बॉनेटवर टाकायचा. कोंडीबानं दरसाल लोकर पुरवायचं कबूल केलं. कडेगाव जवळ आलं, तसं धोंडुबाईनं मागून विचारलं, “लालासाब, योक इचारू? त्यो भंडारा इंजनानं खाल्ला. मग आमच्या देवाला काय पोचलं?”

देवाधर्माचं लालासाहेबाला फारसं कळत नसे. त्यानं गाडी जरा हळू केली.

“धोंडुबाई, पोरगं हजर झालं न्हवं?”

“झालं की.”

“मग पोचला.”

तिनं मान हलवली आणि खिडकीला डोकं टेकून ती वस्ती येईपर्यंत गाढ झोपली.