कितला नका सांगा, कव्हय सांगा

आमचे गिरणीवाले चाचा उजव्या कानामागे पंजा धरायचे, मान तिरकी करायचे आणि समोरच्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत म्हणायचे, "कितला ते नका सांगा, कव्हय ते सांगा." दळण घेऊन आलेली बाई "चाचा, दहा किलो बाजरी शे" म्हणाली तरी तिला हेच उत्तर. दळण किती आहे ते त्यांना डबा बघून कळायचं. भाकरी केव्हा थापायची आहे, तेवढंच त्यांना हवं असायचं.

शहाद्याजवळच्या या गावात मी शिक्षिका म्हणून आले, तेव्हा शाळेच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे त्यांची गिरणी होती. तिसऱ्या दिवशी माझा घसा बसला. चौथ्या दिवशी मी तणतणत रस्ता ओलांडला. "चाचा, किती आवाज हा!" पंजा कानामागे गेला. "कितला ते नका सांगा मॅडम, कव्हय ते सांगा." मी रागारागाने शाळेचं वेळापत्रकच त्यांच्या हातात कोंबलं. दुसऱ्या दिवसापासून गिरणी शाळा भरण्याआधी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर चालू लागली. भांडायची पूर्ण तयारी करून गेलेल्या माणसाची अशी फजिती होऊ नये.

पुढे कळलं, की गावाची ही जुनीच रीत होती. घरात बाळंतीण असो, कुणी आजारी असो, मयत झालेली असो, गिरणीवर आधी निरोप जायचा आणि चाचा त्याप्रमाणे पट्टा चढवायचे.

गावाबाहेर एक छोटी धावपट्टी आहे. तिच्यावर वर्षातून दोनदा कुणी पुढारी उतरायचा, एरवी शेळ्या चरायच्या. ती लांब करायचं ठरलं. शिकाऊ वैमानिकांची विमानं तिथून दिवसभर उडणार होती. आवाज कुठे किती होईल याचा अंदाज काढून एका कंपनीने नकाशा पाठवला आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. त्यात धावपट्टीभोवती लाल, केशरी आणि पिवळी, अशा तीन वेढ्यांच्या रेघा होत्या.

आता आमच्या लोकांनी काय करावं? जमीन जाण्याची सवय झालेली माणसं ती. रेघ दिसली की मोजणी आली असंच त्यांना वाटतं. लाल रेघेच्या आतल्यांनी रातोरात बांधावर आंब्याची कलमं लावली, का, तर झाडांचा मोबदला वेगळा मिळतो. रेघेबाहेरचे रुसले. एक पाटील तर सरपंचांना म्हणाले, "मन्हाच कापूस काय वाईट शे? रेघ जराशी इकडे सरकाडा ना!"

चाचांनी सगळ्यांना गिरणीत बोलावलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. जात्याजवळ पिठाचा जाड थर होता, दारापाशी पातळ, ओट्यावर नुसती भुरकी. "आवाज बी असाच उडस. गिरणीजोडे जाड, लांब पातळ. ह्या रेघा जमीन लेवाले नही शेतस. कोनले कितला आयकू येई, ते दखाडाले शेतस." पाटलांनी रेघ सरकवण्याचा हट्ट सोडून दिला.

मी मात्र नकाशात शाळा शोधत होते. शाळा पिवळ्या रेघेच्याही बाहेर होती. खाली लिहिलं होतं, की रेघेबाहेर दिवसभराची सरासरी मर्यादेत राहते, उपाय करण्याची गरज नाही. मला हायसं वाटलं. चाचांना मी तसं सांगितलं.

"मॅडम, मन्ही गिरणी दिनमा दोन तास चालस. बाईस तास मुकी. सरासरी काढी तं मी भला मानूस. मंग तुम्ही मन्हासंगे भांडाले कसाले उन्थात?"

विमान डोक्यावरून जाणार ते मिनिटभर, पण दर पाच मिनिटांनी. आणि ते मिनिट नेमकं माझ्या वर्गातलं.

सुनावणी शाळेतच झाली. कंपनीचा तरुण साहेब नम्र होता, बिचारा. त्याने आकडे नीट समजावले. चाचा उठले, पंजा कानामागे. "साहेब, कितला ते समजनं. कव्हय ते सांगा." साहेब म्हणाला, वेळा अजून ठरलेल्या नाहीत. "मंग आते दखा," म्हणून चाचांनी चौथीतल्या एका मुलीला सतराचा पाढा म्हणायला सांगितलं आणि खिडकीतून रुमाल हलवला. समोर त्यांच्या मुलाने गिरणी सुरू केली. एक मिनिट धडधड झाली आणि थांबली. पाढा तोवर संपला होता.

"सतरा सत्ते कितला म्हने ती?"

"एकशे एकोणीस," साहेबाने लगेच सांगितलं.

"आयकं का मनमा गणित करं?"

साहेब हसला. चाचांनी मुलीला विचारलं, "तू काय सांगेल, बेटा?"

"एकशे तीस!" ती खुदकन हसली. "चाचाच म्हनेत, चुकाडीसन म्हन!"

सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती आणि तिची चूक मला ऐकूच आली नव्हती. ऐकूच आली नाही, तर मी सुधारणार काय?

साहेबाने जवळ येऊन मोठ्याने विचारलं, "चाचा, तुम्हाला तर कमी ऐकू येतं. विमानाचा तुम्हाला काय त्रास?"

"माले काहीच तरास नही. मन्हा कान हाई गिरणीनी कव्हयच खाई टाकात. तव्हय माले सांगनारा कोनी नव्हता. ह्या पोरेस्ले तं आपन शेतस ना?"

कानामागचा तो पंजा आम्ही इतकी वर्षं लकब समजत होतो. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटली, की मी फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

साहेबाने शाळेचं वेळापत्रक मागून घेतलं. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर उड्डाणांच्या वेळा ठरून आल्या. शाळा भरण्याआधी, मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावर. म्हणजे बरोब्बर गिरणीच्याच वेळा. चाचांनी त्या खडूने गिरणीच्या दारावर लिहिल्या आणि खाली स्वतःचं नाव घातलं, जणू विमानंही तेच उडवणार होते.

विमानं सुरू झाली. मधल्या सुट्टीत चाचा गिरणी थांबवून ओट्यावर येत आणि मला हाताने विचारत, "विमान उनं का?" विमान डोक्यावर घरघरत असे, पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन ओरडत असत. मी मान हलवून होकार दिला, की ते घड्याळ बघत आणि समाधानाने पुन्हा पट्टा चढवत.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मुलाने गिरणी बसस्टँडजवळ हलवली. दारावरचा खडू पुसट झालाय, पण वाचता येतो.

काल तास चालू असताना मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "सतरा सत्ते एकशे सतरा." मला स्वच्छ ऐकू आलं आणि मी त्याला उभा केला. मग सुट्टीची घंटा झाली, विमान आलं. मी दारात जाऊन समोरच्या बंद गिरणीकडे बघितलं आणि मान हलवली. उनं, चाचा. टाइमवर उनं.