काळजाची रेघ

कापडाचं दुकान बंद पडलं आणि तिथली नोकरी गेली, तेव्हा थोरल्या सुनेने चाळिशीच्या उंबरठ्यावर वैद्यकीय सहाय्यकाचा कोर्स केला नि चौकातल्या दवाखान्यात काम धरलं. रक्तदाब बघायचा, रक्त काढायचं, इसीजी काढायचा, फोनही तिनेच उचलायचा. सासूबाईंना हे पटलं नव्हतं.

"ना डॉक्टर, ना नर्स. धड इकडची ना तिकडची," त्या म्हणायच्या. "पुढे काय होणार तुझं?"

पुढे काय, हे सुनेला तरी कुठे ठाऊक होतं?

एका सकाळी सासूबाईंच्याच छातीत धडधडायला लागलं. सुनेने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी इसीजी काढा."

पडद्यामागच्या अरुंद खाटेवर सासूबाई अंग चोरून पडल्या. सुनेने फासळ्या चाचपत एकेक वायर लावली.

"शॉक बसेल का गं?"

"नाही हो आई. मशीन नुसतं ऐकतं. हलू नका, बोलू तर अजिबात नका."

"म्हणजे चंगळच तुझी!"

सुनेला हसू फुटलं. तिने मशीनचं बटण दाबलं. कागद सरकू लागला, रेघ उमटली. मधूनच एखादा ठोका घाईने पुढे घुसायचा, क्षणभर सारं थांबायचं, मग रेघ पुन्हा मार्गी लागायची. सुनेच्या मनात आलं, याच काळजाने बाळंतपणं सोसली, नवऱ्याचं जाणं सोसलं, तिच्यावर तोंडसुख घेतलं आणि तिच्या आजारपणात तिच्या उशाशी जागलं. एकदाही सुट्टी न घेता!

"चुकार ठोके आहेत, घाबरायचं कारण नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "रेघ छान काढलीत. हृदयाच्या सोनोग्राफीचं शिक्षण घ्या. मोठ्या रुग्णालयांत अशी माणसं हवीच असतात."

सासूबाईंनी कागद दोन्ही हातांत धरला. "हे माझं?"

"तुमचंच."

"मी झोपते तेव्हाही चालतं?"

"तेव्हाही."

"मला न विचारता?" त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बाई म्हणतात ते शीक. घर मी बघते."

सून शिकली. पहिल्या परीक्षेत आपटली, रडली, पुन्हा बसली. आज ती मोठ्या रुग्णालयात हृदयाच्या विभागात आहे. अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर इवल्या झडपा उघडतात, मिटतात. काल तपासणीसाठी खाटेवर पडलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने मान वळवून हळूच विचारलं, "ताई, हे थकत कसं नाही?"

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. दोघंही त्या झडपांकडे बघत राहिली.