एक हत्ती, दोन जेवणावळी

आमचा धंदा लोकांच्या जेवणावळींना भांडी भाड्यानं द्यायचा. कोल्हापुरातलं दुकान मी बघतो, जवळच्या गडमुडशिंगी गावातलं धाकटा भाऊ. दोन्ही दुकानांत मिळून सगळ्यात मोठं पातेलं एकच. चार गड्यांशिवाय ते जागचं हलत नाही, म्हणून त्याचं नाव हत्ती. लोक आधी हत्ती ठरवतात, मग तारीख.

ही भांडी संगणकात घालायची बुद्धी मला झाली, कारण शेजारच्या हार्डवेअरवाल्याला ती आधी झाली होती. पहिला प्रोग्राम रकान्यांचा होता. शेगडीचा रंग विचारायचा आणि सतरंजी किती लिटरची तेही. धाकट्यानं सतरंजीपुढं 'दहा' लिहिलं. लिहिल्याशिवाय पुढं जाऊच देत नव्हता म्हणे.

मग पुतणीला साकडं घातलं. ती एका कंपनीचं संगणकाचं काम घरून करते.

"काका, तुम्हाला रकान्यांचा डेटाबेस नकोच," ती म्हणाली. "बिनरकान्यांचे असतात. तुलना करून ठरवू."

तुलना म्हटल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो.

"पहिला की-व्हॅल्यू. नृसिंहवाडीला देवळाबाहेर चपला ठेवतो, बिल्ला मिळतो. बिल्ला दिला की चप्पल हजर. लई फास्ट."

"आणि बिल्ला हरवला तर?"

"मग न्हाय. तपकिरी चपला कुणाकुणाच्या, असंही विचारता येत न्हाय."

बिल्ले हरवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. तो बाद झाला.

दुसरा ग्राफ. कोण कुणाचं कोण, हे धागे जपून ठेवणारा. धाकटा खूश झाला. आमच्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कुणाचं तरी पावणं असतं, आणि ते नेमकं भाव करतानाच सांगतं. "खरंच हाय का, ते तरी बघता येईल की," तो म्हणाला.

"पातेली शिल्लक किती, हे कळायला अख्खी सोयरीक कशाला उकरताय?" पुतणीनं त्याच्याच पोटची असून त्याला गप्प केलं.

तिसरा डॉक्युमेंट. प्रत्येक ऑर्डरचं आपापलं गाठोडं. बारशाच्या गाठोड्यात पाळणा, जत्रेच्या गाठोड्यात शेगड्या, ज्यात जे असेल ते. सतरंजीला लिटर विचारणार नाही. ठरलं.

तिथंच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण तिनं खरा प्रश्न त्यानंतर काढला. दोन दुकानांत या डेटाबेसच्या दोन प्रती राहणार. मधलं नेट गेलं तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं? एक सिस्टीम म्हणते, थांबा, पलीकडं विचारल्याशिवाय सांगणार नाही. दुसरी ऑर्डर घेऊन टाकते आणि नेट आलं की जुळवते.

दारात आलेल्याला नाही म्हणणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. वडिलांनी नको असलेली म्हैस एकाच माणसाकडून दोनदा विकत घेतली होती. आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "घिऊन टाकायची."

"आणि दोन्हीकडं एकच वस्तू दिली गेली तर? कुणाची ऑर्डर ठेवायची?"

"शेवटी आलेल्याची," मी म्हणालो. "आधी आलेला घरी जाऊन निवांत पडलेला असतो. शेवटचा समोर उभा असतो."

"नक्की, काका?"

"धंदा मी करतो का तू?"

पुढं मेहुण्यानं घर बांधलं. रविवारी वास्तुशांतीला सगळं गाव जेवायला. तो दुकानात आला, हत्ती सांगितला, मी त्याच्यासमोर रुबाबात बटणं दाबली. बायको आतून ऐकत होती. माहेरच्या कार्याला सासरचा हत्ती जाणार, हे तिनं सगळ्या बहिणींना फोन करून कळवलंही.

नेमकी त्याच दिवशी कुणीतरी रस्ता उकरताना नेटची केबल तोडली होती. दुपारी गडमुडशिंगीच्या दुकानात एक म्हातारबा आले. नातवाचं जावळ, त्याच रविवारी. धाकट्याला पडद्यावर हत्ती मोकळा दिसला, त्यानं देऊन टाकला. केबल जोडल्यावर दोन्ही प्रती एकमेकींना भेटल्या आणि मशीननं माझा शब्द पाळला. गुपचूप.

शनिवारी मेहुण्याचा टेम्पो दारात लागला तेव्हा हत्ती म्हातारबांकडं पोचला होता.

"म्हंजे माझ्या भावानं आधी सांगितलं," बायको म्हणाली, "म्हणून त्याला न्हाय?"

"तसं नव्हं. सिस्टीमचं काय असतंय..."

"सिस्टीमला तसं कुणी सांगितलं?"

पुतणी तिथंच होती. ती सतरंज्या मोजायला लागली.

मी टेम्पोत बसून म्हातारबांकडं गेलो. हत्ती अंगणातल्या चुलीवर बसवूनही झाला होता. बायकोचं माहेर, तिची इज्जत, केबल, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"न्हाय जमायचं, पावणं. माझं बी गाव जेवाय येणार हाय. बसा, च्या घ्या."

इतकं सरळ 'नाही' मी जन्मात ऐकलं नव्हतं. चहाही फक्कड होता. रागवावं तरी कशावर?

मग मिळतील ती पातेली गोळा करून मेहुण्याकडं नेली. भात थोडा थोडा करून शिजवला. एका पंगतीला आसट, दुसरीला फडफडीत, तिसरीला तळाला लागलेला. पुढची पंगत दाराबाहेर ताटकळत, बायको तिथं उभी राहून एकेकाची समजूत घालत होती आणि वाढपी मी.

"आमच्या दाजींनी भाताची तुलना मांडलीया," मेहुणा भर पंगतीत म्हणाला. "तिन्ही खाऊन सांगा, कुठला घ्यायचा."

शेवटची पंगत दिवेलागणीला उठली. परतताना बायको एवढंच म्हणाली, "त्या मशीनला न्हाय म्हणायला शिकवा. तुमच्यानं व्हायचं न्हाय."

पुतणीनं बदल केला. आता पलीकडं विचारल्याशिवाय मशीन हत्ती कुणालाच देत नाही.

गेल्या महिन्यात मेहुणा परत आला. पोरीचं बारसं. "दाजी, हत्ती." मी बटण दाबलं. पडद्यावर 'थांबा'. रस्ता परत उकरला होता. बायको शेजारीच बसली होती. मी तिच्याकडं बघितलं. 'घिऊन जा की' हे शब्द सवयीनं ओठांपर्यंत आले होते.

"माझ्याकडं काय बघताय," ती म्हणाली आणि भावाकडं वळली. "थांब जरा. पलीकडनं कळलं की सांगतील. च्या टाकते."

"आक्का, मी तुझा भाऊ हाय की."

"ते मशीनला कळत न्हाय. सोयरीक बघणारं यांनी घेतलं न्हाय."

मेहुणा बसला. पहिला चहा झाला, दुसरा झाला. बाहेर रस्ता उकरायचं काम निवांत चाललं होतं.