मोटेचा आवाज

तिसरीत शाळा सुटली, पण मोट मी पंधरा वर्षं हाकली. म्हणूनच दुष्काळाच्या साली काष्टीला सिनेमा दाखवायला आलेल्या पाहुण्याशी भर खेळात भांडलो.

कांद्याच्या वखारीत भरदुपारी घोंगड्या लावून अंधार केलेला. त्याच्या सिनेमात गोष्ट नव्हती, गाणं नव्हतं; नुसती मोट खाली-वर. आवाज तो स्वतः पडद्याशेजारी बसून काढायचा, घागर, साखळी आणि पत्रा घेऊन.

पडद्यावर बैल मागं सरू लागले आणि त्यानं घागरीतलं पाणी घमेल्यात ओतलं.

"ओ पाव्हनं," मी ओरडलो, "बैल मागं सरत्यात तवा मोट रिकामी आसती! पानी कुठनं आलं?"

"दादा, गप बसा की, फुकाट दावतोय त्यो!" मागनं कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

त्यानं मशीन थांबवलं. आता मला हाकलणार, असं वाटलं. पण तो शिकलेला माणूस सगळ्यांदेखत माझ्यापुढं उकिडवा बसला.

"मग काय वाजतं?"

"चाक कुरकुरतं."

"पुन्हा पहिल्यापासून लावतो. इथं जवळ बसा. चुकलो की हात वर करा."

या वेळी बैल मागं सरले, तेव्हा त्यानं साखळी पत्र्यावरून हळू ओढली. मोट वर येऊन काठावरच्या थारोळ्यात रिती झाली, तेव्हाच पाणी वाजवलं. विहिरी आटलेली माणसं श्वास रोखून ऐकत होती.

खेळ संपला, तरी माझा हात मांडीवरच होता.