लाल बटण, चालू सेटवर

"कागदावर लिहिलंय तेवढंच दाबायचं, मालतीताई. पुढचं डोकं पुण्यातली माणसं लावतात."

"मग टाकीत पण पुण्याचीच माणसं उतरवा ना, सर."

विजयाने मान खाली घालून हसू गिळलं. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर दोघी शेजारी बसायच्या. मालतीने बोलायचं आणि विजयाने हसायचं, अशी वाटणीच झालेली. पण तपासणीचे साहेब पराग सर आज हसण्यावारी नेणार नव्हते. संध्याकाळच्या टेम्पोत एकशेवीस सेट चढायचे होते, आणि एकशेवीसच्या एकशेवीस तपासणी-कागदांवर मालतीने शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ लिहून ठेवली होती: 'नोंद जात असताना बटण दाबले, हाक नऊ सेकंदांनी गेली.' सेट पास झाल्याचा तिचा सात नंबरचा शिक्का मात्र एकाही कागदावर नव्हता.

हे वायरलेस सेट रसायनांच्या टाक्या धुवायला आत उतरणाऱ्यांच्या कमरेला लागतात. टाकीतल्या विषारी वायूच्या मापाची नोंद सेट दर मिनिटाला बाहेर पाठवतो. जीव घाबरला तर माणूस लाल बटण दाबतो, आणि वर उभ्या असलेल्या सोबत्याच्या सेटमध्ये हाक वाजते. पण अँटेना एकच, एका वेळी एकच काहीतरी जाणार. पूर्वी बटण दाबलं की नोंद जिथल्या तिथे सोडून हाक पुढे निघायची. पुण्याहून आलेल्या नव्या सॉफ्टवेअरने ते उलटं केलं: सुरू झालेली नोंद आधी पुरी करायची. मोकळ्यावर त्याला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाच वेळ. पण लोखंडी टाकीत सिग्नल अडखळतो, नोंद पुन्हा पुन्हा पाठवावी लागते, आणि तोवर हाक ताटकळत उभी. तपासणीच्या लोखंडी डब्यात मालतीने सेट ठेवून पाहिला, तर नऊ सेकंद.

कागदावरची रीत सोपी होती. नोंद जाताना लुकलुकणारा सेटचा हिरवा दिवा शांत होऊ द्यायचा, मग बटण दाबायचं. त्या रीतीने सगळे सेट पास होत होते.

मालतीची रीत वेगळी. ती साक्रीकडची, दहावीपर्यंत शिकलेली, लग्नानंतर सिल्वासाला आली ती थेट सुताच्या कारखान्यात. तिथे मशीन थांबवायची दोरी रोज सकाळी ओढून बघायचे, पण मशीन सुरू करायच्या आधी. दिवा लागला की बरोबर. एके दिवशी शेजारी काम करणाऱ्या चंदाची ओढणी धाग्याबरोबर आत गेली. दोरी मालतीनेच ओढली. दिवा लागला, मशीन चालूच राहिलं. चंदाच्या उजव्या हाताला आता तीन बोटं आहेत.

तेव्हापासून मालती कुठलीही वस्तू बंद असताना तपासत नाही. नवरा मोबाइलवर गुंतला असतानाच त्याला हाक मारून बघते. तिथे नऊ मिनिटं लागतात, असं तिनेच विजयाला सांगितलं होतं.

पराग सर तसे वाईट नव्हते. टेबलावरच्या बायकांना पाठ टेकायच्या खुर्च्या त्यांनीच भांडून आणल्या होत्या. त्यांनी समजावून पाहिलं, की नोंदी अर्धवट येतात अशी गिऱ्हाइकाची तक्रार होती, बदल त्याच्याच मागणीवरून झाला. उद्या अपघात झाला आणि वायूचं माप तुटलेलं निघालं, तर चौकशीत उत्तर कोण देणार?

"नोंद माणूस मेल्यावर पण वाचता येते, सर. हाक नाही ऐकता येत."

त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. हे नव्याने भरायचे, शेऱ्याचा रकाना रिकामा. मालतीने हात मांडीवरच ठेवले. मग विजयाने भरावेत, असं सर म्हणाले. विजयाने आज पहिल्यांदा तोंड उघडलं. "मी पण सेट चालू ठेवूनच दाबते, सर. हिनेच शिकवलंय. माझ्या पण रकान्यात तेच येईल."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सरांनी आवाज खाली आणला. नोकरीचा विचार करा, म्हणाले. मालती म्हणाली, तो सकाळी डबा भरतानाच करून झालाय.

मग तिने जुन्या कागदांतला वरचाच एक ओढला, त्यांच्याकडे फिरवला आणि नऊ सेकंदांच्या ओळीखाली बोट ठेवलं.

"मी शिक्का मारते. एकशेवीस मारते, आत्ताच्या आत्ता. तुम्ही फक्त इथे लिहा, 'नऊ सेकंद चालतील.' आणि खाली तुमची सही करा."

सरांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. ओळ वाचली, पुन्हा वाचली. विजयाने लोखंडी डब्यातल्या सेटचं बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि तिघं हाकेची वाट बघत राहिली.

"बोला सर," मालती म्हणाली. "चालतील का?"

सेट वाजला. पराग सरांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं, दार ढकललं आणि टेम्पोवाल्याला थांबवायला बाहेर निघून गेले.