अकरा दोषांची यादी

आमची मुलगी आठ वर्षांची असताना एकाएकी शहाणी झाली, म्हणजे गप्प झाली. शेजारच्या बायका कौतुक करायच्या, "किती शांत हो पोर तुमची! आमच्याकडे नुसता धिंगाणा." मला त्या कौतुकाची चीड यायची. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत याच पोरीनं मला भंडावून सोडलं होतं. दोसा एकाच बाजूनं का भाजतेस, सावली ओली का होत नाही, एकाच आकड्याला तमिळमध्ये एक नाव आणि आपल्या मराठीत दुसरं, मग मोजणारा नक्की काय मोजतो? उत्तर दिलं की त्या उत्तरावर आणखी प्रश्न. आणि आता विचारलं तरच बोलायची, तेही मान हलवून.

कारण मला ठाऊक होतं. शाळेतल्या बाईंनी तिला सांगितलं होतं की तुझ्या प्रश्नांपायी बाकीच्यांचा वेळ जातो, आणि शेवटच्या बाकावर ओठांवर बोट ठेवून बसवलं होतं. त्या बाईंवर मी मनातल्या मनात पुष्कळ तोंडसुख घेतलं. पण खरं सांगायचं तर चुलीपाशी घामाघूम होऊन "पोदुम, पुरे आतां!" असं मीही कितीदा ओरडले होते. तिनं आमचं दोघींचंही ऐकलं, एवढंच.

आम्ही तेव्हा मद्रासजवळच्या आवडी गावी, सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. माझं माहेर आणि सासर दोन्ही तंजावरकडचं. घरात आमची ती जुनी मराठी, निम्मी तमिळमध्ये बुडालेली. हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला माल तपासायचा आणि खोट असेल ती लिहून काढायची, हे यांचं काम. जे बरोबर आहे त्यावर शाई खर्च करायची नाही, असा तिथला रिवाज, आणि तो यांनी घरीही आणला होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण सांबार चांगलं झालंय असं मी कधी ऐकलं नाही. न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं की आपण समजायचं. मुलीकडे तर यांचं लक्षच नाही, अशी माझी पक्की समजूत होती. संध्याकाळी पेपर उघडला की माणूस पेपरामागे.

अशात क्वार्टर्समधल्या एका बाईंकडून कळलं की मद्रासमधल्या एका शाळेत विशेष हुशार मुलांसाठी दर शनिवारी वेगळा वर्ग भरतो. तिथं मुलं हातानं करून बघतात आणि मोठ्यानं वाद घालतात म्हणे. मोठ्यानं वाद घालतात, हे ऐकलं आणि मी तिथल्या तिथं ठरवलं की माझी मुलगी त्या वर्गात बसणार. वर्ग कुठल्या इयत्तेचा, जायचं यायचं कसं, कशाचीही चौकशी केली नाही. मला माझी ती जुनी बडबडी पोर परत हवी होती.

फॉर्म आणला. सगळं भराभर लिहिलं आणि एका रकान्यापाशी हात अडला. ‘आपल्या मुलाचे असामान्य गुण सविस्तर लिहा.’ खाली दहा ओळी मोकळ्या. आता आमच्याकडे आपल्या लेकराचं कौतुक आपल्या तोंडानं करायचं नसतं, दृष्ट लागते. कुणी केलंच तर आईनं घाईघाईनं म्हणायचं, कसली हुशार, नुसती हट्टी आहे! सासूबाई तर पाहुण्यांनी मुलीला गोरी म्हटलं तरी दिवेलागणीला मीठ-मिरच्या ओवाळायच्या. मी शिकलेली, हे सगळं मी हसण्यावारी न्यायची. पण तीन दिवस पेन धरून बसले आणि एक ओळ लिहवेना. शेवटी वैतागून फॉर्म यांच्यापुढे टाकला.

दुसऱ्या दिवशी यांनी तो परस्पर पोस्टात टाकला. मी विचारलं, "काय लिहिलेंत?"

"जें आहे तें लिहिलें," हे पेपरामागून म्हणाले.

लेखी परीक्षा झाली, मग तोंडी झाली. तोंडीहून मुलगी बाहेर आली ती चप्पल बघत. पंधरा दिवसांनी पत्र आलं, आई-वडिलांनी मुलीला घेऊन भेटावं. मी ठेवणीतली कांजीवरम नेसले, मुलीच्या वेणीत कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा गजरा माळला आणि आम्ही तिघं इलेक्ट्रिक ट्रेननं सेंट्रलला आणि पुढे बसनं गेलो.

मुख्य बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, तमिळ बोलणाऱ्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "लेखी पेपर तुमच्या मुलीचा सगळ्यांत चांगला. पण तोंडीला तिनं एक शब्द उच्चारला नाही. हा वर्ग चालतो तो मुलांच्या बोलण्यावर. जी बोलतच नाही तिला इथं बसवणं म्हणजे तिलाच शिक्षा. नाही म्हणण्याआधी एकदा तुम्हाला भेटावं म्हटलं, कारण असा फॉर्म मी आजवर पाहिला नाही."

असं म्हणून त्यांनी आमचा फॉर्म काढला. गुणांच्या रकान्यात यांच्या हातचे दोनच शब्द होते, ‘यादी पाहा’, आणि मागं टाचणीनं इंग्रजीत टाइप केलेला कागद लावला होता. मथळा: आढळलेले दोष. अनुक्रमांक, दोषाचं स्वरूप, प्रथम कधी आढळला.

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मी यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. हे मुख्य बाईंना शांतपणे समजावू लागले, "चांगलं काय आहे ते तुम्ही तपासालच. खोट आहे ती मात्र आम्ही आधी सांगायला हवी. मागाहून लपवलं असं व्हायला नको."

बाई चष्मा लावून वाचू लागल्या. एक, आंघोळीला चाळीस मिनिटं लावते. बादलीत काय तरंगतं आणि काय बुडतं याचे प्रयोग करते. दोन, शेंगदाण्याच्या पुडीचा कागद वाचून झाल्याशिवाय शेंगदाणे खात नाही. चार, बस कंडक्टरच्या चुका काढते, तेही मोठ्यानं. सहा, मांजर जिन्याच्या कुठल्या पायरीवर किती वेळ बसतं याची वही ठेवते. गृहपाठाची वही मात्र हरवते. सात, प्रेशर कुकरची शिट्टी मोडली. प्रत्येकापुढे महिना लिहिलेला. बाईंना हसू आवरेना. मला हसू येईना. मांजराच्या वहीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. हा मनुष्य पेपरामागून हे सगळं बघत होता तर.

मग बाईंचा आवाज उतरला. "अकरा. दीपावलीपासून प्रश्न विचारत नाही. कारण सापडलं नाही."

हे खाली बघत होते. मला वाटत होतं ते दुःख माझं एकटीचं आहे. यांच्या शेजारी मी सहा महिने तेच घेऊन बसले होते, आणि आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो.

"सातवें चूक आहे."

मुलगी बोलली होती, आमच्या मराठीत, खुर्चीच्या टोकावर येऊन. "अप्पा, शिट्टी मी मोडली नाहीं. ती पहिल्यापासून ढिली होती. मी ती काढून पाहिली मात्र."

"काढलीस कशाला?" हे म्हणाले.

"वाफ तिला किती उचलते तें पाहायला! आणि मोडली ती अम्मानें आपटली म्हणून."

"अम्मानें?" यांनी माझ्याकडे पाहिलं. आपटली होती खरी. मी पदर सारखा केला.

"तुम्ही पाहिलेंत काय मोडतांना? पाहिलें नाहीं तर लिहिलें कसें?" पोरीचे गाल लाल झाले होते, वेणीतला गजरा मानेवर आला होता. मुख्य बाईंना आमच्या भाषेतलं एक अक्षर कळत नसावं, पण त्या हातातला कागद विसरून टक लावून ऐकत होत्या. हे दोघं बापलेक वजन, वाफ, रबराची रिंग यावरून असे भांडले की आपण कुठं बसलोय याचं कुणालाच भान राहिलं नाही.

शेवटी हे म्हणाले, "सरी, बरें. माझें चुकलें." बारा वर्षांत हे शब्द मी त्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, आणि तेही माझ्या वाट्याला आले नाहीत. यांनी कागद मागून घेतला, सातवी ओळ खोडली आणि बाजूला सही केली. कारखान्यात खाडाखोडीवर सही लागते.

"अकरावी पण खोडा," मुलगी म्हणाली.

"तपासल्याशिवाय कशी खोडूं?"

तिनं क्षणभर यांच्याकडे पाहिलं, मग मुख्य बाईंकडे वळून तमिळमध्ये विचारलं, "तुमच्या या काचेच्या पेपरवेटमध्ये बुडबुडे आत कसे गेले? आणि वर का येत नाहीत?"

बाईंनी पेपरवेट उचलून उजेडात धरला. "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी नऊला ये. बघू या."

"शनिवारपर्यंत थांबायचं कशाला?" मुलगी म्हणाली.

यांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं. अकरावी ओळ खोडली, सही केली, आणि त्या परक्या ऑफिसात मी हसता हसता रडायला लागले.